इंजिनाचा पिवळा दिवा आणि बाबांचा कान

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा जो पिवळा दिवा लागतो, तो मुळात गाडीच्या मालकासाठी बनवलेला नाही. तो हवेसाठी बनवलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण एवढं ठाऊक असलं की गॅरेजच्या काउंटरसमोर उभं राहताना निम्मी भीती कमी होते.

त्या दिव्याची गोष्ट अननसापासून सुरू होते. आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात, कॅलटेकमध्ये, अननसाच्या स्वादावर काम करत होते. बाहेर लॉस एंजेलिसच्या हवेत डोळे चुरचुरायला लावणारा धुरकट थर साचत होता आणि तो येतो कुठून यावर वाद चालला होता. हागेन-स्मिट यांनी अननस बाजूला ठेवले, ती हवा तपासली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर ऊन पडलं की हा थर तयार होतो. मग नियम आले. नुसत्या नियमांनी भागेना, कारण शोरूममधून स्वच्छ निघालेली गाडी पाच वर्षांनी काय ओकते हे कोण बघणार? म्हणून १९८८च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियाने सक्ती केली, की गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःवरच नजर ठेवायची आणि धूर बिघडवणारं काही सापडलं तर चालकासमोर दिवा लावायचा. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकसारखं सोळा पिनांचं सॉकेट आलं. युरोपातल्या पेट्रोल गाड्यांना ते २००१मध्ये आलं. आपल्याकडे एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज चार लागू झालं ते आधी तेरा शहरांत. त्यात पुणं होतं आणि, का कोण जाणे, सोलापूरही होतं. पूर्ण स्वरूपातली ही स्वतःवर नजर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे ओबीडी-दोन, एप्रिल २०१३पासूनची. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास ते सॉकेट नक्की आहे. वाकून बघा.

गाड्यांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आमच्या वारज्यापासून जवळच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. आपल्या पिढीला ती फक्त ‘एआरएआय टेकडी’ म्हणून माहीत असते, सूर्यास्त बघायची आणि ब्रेकअप करायची जागा म्हणून.

आमच्या गाडीचा दिवा २०२४च्या ऑगस्टमध्ये लागला. गाडी २०१४ची, पेट्रोल हॅचबॅक, ८१ हजार किलोमीटर चाललेली. नाव सांगत नाही, कारण गाडीचा काही दोष नव्हता. त्या वर्षीचा जुलै पुण्यात कोणी विसरणार नाही. २५ तारखेला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याला एकतानगरीच्या इमारतींत शिरलं होतं. आमच्या सोसायटीत पाणी आलं नाही. पाण्याने हुसकलेले उंदीर मात्र आले. पार्किंगमध्ये दिवसाढवळ्या फिरायचे, वॉचमनकाकांच्या डब्यापर्यंत मजल गेली होती. ते पुढे येईलच.

दिवा लागला तेव्हा गाडी तशी ठीक चालत होती. पिकअप होता, तापत नव्हती. फक्त वारज्याच्या पुलाखाली सिग्नलला उभी राहिली की अंगात बारीक कापरं भरल्यासारखी थरथरायची. एव्हरेज थोडं पडलं होतं. मी ती एका मोठ्या, काचेच्या, एसी असलेल्या वर्कशॉपमध्ये नेली. कॉफी मिळाली. पाऊण तासाने एक मुलगा टॅब घेऊन आला. “मॅडम, लीन मिक्श्चरचा कोड आहे. दोन्ही लॅम्डा सेन्सर बदलू, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर क्लीन करू, १६,८०० होतील. त्याने नाही गेला तर कॅटेलिटिक कन्व्हर्टर. तो ३७,८००.” मी विचारलं, सेन्सर खराब आहे हे कशावरून? तो म्हणाला, “कोड तसाच आहे ना.” आणि मग अगदी अदबीने, “घरी कोणाशी बोलून घ्यायचं असेल तर घ्या.”

५४,६०० रुपये. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपलं होतं आणि पुढचं काम हातात नव्हतं. बाबांची पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आत. बँकेत ६२ हजार वेगळे ठेवलेले होते, ते बाबांच्या कानाच्या मशिनसाठी. दोन्ही कानांचं मिळून साधारण तेवढंच सांगितलं होतं. बाबा ते मशिन घ्यायला तयार नव्हते हा भाग वेगळा. त्यांना कोटेशनचा आकडा कळला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला आवडली नाही. “आधी गाडी करून घेऊ,” ते म्हणाले. “कानाचं काय, चाललंय.”

काही चाललेलं नव्हतं. आई ‘साठ’ म्हणायची, ते ‘आठ’ ऐकायचे. भाजीवाल्याकडे रोज एक नाटक व्हायचं. टीव्हीचा आवाज इतका, की खालच्या मजल्यावरच्या काकू बातम्या वर ऐकूनच समजून घ्यायच्या. एकतीस वर्षं त्यांनी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला काढली. असेंब्ली होऊन आलेलं इंजिन बेडवर चढवायचं, चालू करायचं आणि ऐकायचं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कोणता टॅपेट ढिला आहे ते सांगायचे. त्या माणसाला ऐकू येत नाही असं घरात कोणी बोलायचं नाही, असा एक न ठरवलेला नियम होता.

मी दुसरीकडे गेले. हायवेच्या सर्व्हिस रोडला टायरवाले, वॉशिंगवाले यांच्या रांगेत एक छोटं गॅरेज आहे. त्याने स्कॅनर लावला, एक बटण दाबलं, दिवा गेला. ३०० रुपये. चौथ्या दिवशी दिवा परत. हे असंच होतं, कारण बहुतेक बिघाड गाडी एकदा बघून दिवा लावत नाही. लागोपाठ दोन प्रवासांत तोच प्रकार दिसला की लावते. कोड पुसणं म्हणजे ताप मोजून झाल्यावर थर्मामीटर झटकणं. त्यातही एक मोठं नुकसान असतं. कोडबरोबर गाडी त्या क्षणाचा फोटो काढून ठेवते, वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, किती फिरत होतं. ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात त्याला. पुसलं की तोही जातो. तिसरीकडे, अॅक्सेसरीजच्या दुकानात, एकाने तोडगा दिला, “ताई, त्या दिव्याचंच कनेक्शन काढून टाकू, दीडशे रुपये.” मी हसले. तो हसला नाही. अशी बरीच गिऱ्हाइकं त्याला येत असणार.

मधल्या काळात पीयूसी संपली. पेट्रोल पंपावरच्या टपरीत जाऊन आले, गाडी दिवा लागलेला असतानाच पास. पीयूसीवाला डॅशबोर्डकडे बघत नाही, नळी मागे लावतो. आकडे उत्तम होते. हे मला विचित्र वाटलं. मिश्रण बिघडलंय असं गाडी सांगतेय आणि धूर म्हणतोय सगळं छान. दोघंही खरं बोलत होते.

मग मी ७५० रुपयांना एक ब्लूटूथ डोंगल मागवला. काडेपेटीएवढी वस्तू. ती सॉकेटमध्ये खुपसायची आणि फोनवर एखादं फुकटचं अॅप घ्यायचं. गाडीचा कॉम्प्युटर जे जे बघतो ते सगळं स्क्रीनवर येतं. स्वस्त डोंगल कधीकधी जोडणी तोडतात, अडकतात, पण कोड वाचायला आणि आकडे बघायला पुरतात. काम झालं की काढून ठेवायचा, कारण त्या सॉकेटला गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो.

कोड होता पी०१७१. यातला ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा विभाग. त्यापुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सामायिक आहे. तिथे एक असता तर तो त्या कंपनीचा खासगी कोड असू शकला असता. ०१७१चा अर्थ, मिश्रण फार पातळ, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. बस, एवढाच. ‘सेन्सर बदला’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. कोड हा बिघाडाचं नाव नसतो, तक्रार असते. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचं पोटच बदलून देण्यातला प्रकार. सेन्सर इथे तक्रार सांगायला आलेला साक्षीदार होता आणि आपण त्यालाच आत टाकायला निघालो होतो.

फ्रीझ फ्रेम परत तयार झाली होतीच. वेग शून्य, इंजिन ७६० आरपीएमवर, पाणी ८८ अंश. म्हणजे गाडी पूर्ण गरम होऊन एका जागी उभी होती. पुलाखालचा सिग्नलच असणार.

आता जरा सावकाश वाचा, कारण पैसे इथेच वाचतात. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते (इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी). गाडी आत येणारी हवा मोजते, त्या हिशेबाने पेट्रोल फवारते, आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंत ऑक्सिजन उरला की नाही हे लॅम्डा सेन्सरने तपासते. उरला तर पुढच्या फवाऱ्यात पेट्रोल किंचित वाढवते, नाही उरला तर कमी करते. सेकंदात कित्येकदा. या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात आणि अॅपमध्ये ती टक्क्यांत दिसते. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे गाडीने अंगवळणी पाडून घेतलेली. दोन्हींची बेरीज पाच-दहा टक्क्यांच्या आत असली तर गाडी सुखी. आमची उभी असताना लाँग टर्म अधिक २१ दाखवत होती. म्हणजे गाडी गेले कित्येक दिवस नेहमीपेक्षा २१ टक्के जास्त पेट्रोल ओतून मिश्रण सावरत होती. धूर चांगला का, हे इथे कळलं. ती सावरत होती म्हणून चांगला. एव्हरेज का पडलं, तेही थोडंफार इथेच.

पुढची पायरी एका यूट्यूबवाल्याची नाही, कोणताही जाणता मेकॅनिक हेच करतो. अॅक्सिलरेटर हलका दाबून इंजिन २५०० आरपीएमवर धरायचं आणि तोच आकडा बघायचा. आमचा २१वरून खाली येत ६ झाला.

कल्पना करा, चहाच्या टपरीवर कोणीतरी चोरून अर्धा कप पाणी ओततंय. दोन कपांच्या पातेल्यात ओतलं तर चहा पांचट झालेला लगेच कळेल. तीस कपांच्या पातेल्यात ओतलं तर जिभेला कळणारही नाही. इंजिन उभं असताना हवेचा पडदा जवळजवळ बंद असतो, आत जाणारी हवा एवढीशी. तेव्हा एखाद्या भोकातून चोरून आत शिरणारी हवा मोठा गोंधळ घालते. पडदा उघडला की मुख्य हवा इतकी येते, की चोरटी हवा तिच्यात हरवते. म्हणून उभं असताना ट्रिम जास्त आणि वेगात कमी, तर कुठेतरी गळती. उलट असतं, म्हणजे वेगात आकडा वाढला असता, तर पेट्रोल पुरेसं येत नाही किंवा हवेचा मीटर खोटं सांगतोय, असा संशय घ्यायचा. सेन्सर, कन्व्हर्टर, इंजेक्टर ही नावं अजून यादीच्या तळाशी होती.

(एक सावधगिरी. आमच्या गाडीत हवा थेट मोजणारा सेन्सर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तो नसतो, त्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतात. तिथे गळती असली तरी ट्रिम एवढी चढेलच असं नाही, इंजिनच उभ्या उभ्या जास्त फिरायला लागतं. आपली गाडी कोणत्या जातीची हे आधी बघून घ्या. आणखी एक. परदेशी व्हिडिओंत दिवा लागला की पहिला सल्ला असतो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा. अमेरिकेत टाकीतून वाफ गळते का हे गाडीला तपासावं लागतं, म्हणून तो सल्ला. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ते तसं तपासत नाहीत. झाकण खुशाल आवळा, पण त्यावर आशा लावू नका.)

हे सगळं मी बाबांना रात्री जेवताना सांगितलं. चहाच्या पातेल्यासकट. ते ऐकत होते की नाही कळेना, कारण टीव्ही चालू होता. सकाळी साडेसहाला पार्किंगमधून बोनेट उघडल्याचा आवाज आला. खाली गेले तर बाबा बनियनवर, हातात तोच जुना लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर.

“चालू कर.”

मी चालू केली. त्यांनी टोक हेडला लावलं, मूठ कानाला. डोळे मिटले. मी लहान असताना स्कूटरसमोर ते असेच उभे राहायचे आणि मला वाटायचं त्यांना कोणीतरी आतून काहीतरी सांगतंय.

“इंजिन एकदम बरोबर आहे,” ते म्हणाले. “ठोका बघ कसा पडतोय.”

ठोका बरोबरच होता. पण मी बोनेटपाशी आले तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं. मागच्या बाजूने, भिंतीकडच्या अंगाने, एक सलग बारीक ‘फुस्स्स’. प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधी जसं होतं तसं. दडलेलं नव्हतं, चार फुटांवरून येत होतं. बाबा त्याच्या अर्ध्या फुटावर वाकलेले होते.

कानाचा ऱ्हास वरच्या पट्टीतून सुरू होतो. कारखान्यात वर्षानुवर्षं घालवलेल्यांचा आलेख हमखास ४००० हर्ट्झच्या आसपास खाली पडलेला असतो. जाड आवाज शाबूत राहतात, म्हणजे इंजिनाचा ठोका, दार आपटणं, माझं ओरडणं. जातात ते बारीक. स, श, फ. ‘साठ’मधला स. गळणाऱ्या हवेचा फुस्कारा. हे मी ऑडिओलॉजिस्टच्या केबिनमध्ये ऐकलेलं होतं, त्यांच्या आलेखावर बोट ठेवून. त्या सकाळी ते पार्किंगमध्ये दिसलं.

मला आवाज येतोय, असं मी म्हणाले नाही. मी म्हणाले, “बाबा, नळ्या एकेक करून दाबून बघायच्या का? मी आकडा वाचते.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग म्हणाले, “हां. बोटांनी बघू.”

ही रीत साधी आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, फिरणारा पट्टा आणि पंखा यांपासून बाही, ओढणी, हात लांब. मॅनिफोल्डला ज्या रबरी नळ्या येऊन मिळतात त्यातली एकेक, मॅनिफोल्डच्या जवळ, चिमटीत दाबायची. ज्या नळीत भोक आहे ती दाबली की चोरटी हवा थांबते आणि आकडा बदलतो. बाबांनी ब्रेक बूस्टरची जाड नळी दाबली. शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास, काही नाही. पेट्रोलच्या वाफेची बारीक नळी. काही नाही. मग त्यांचा हात मागे, इंजिनाच्या टपावरून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या वाकड्या नळीवर गेला. इंजिनातली कोंडलेली वाफ परत जाळायला नेणारी ती नळी, पीसीव्हीची. त्यांनी दाबली आणि माझ्या फोनवर शॉर्ट टर्म धाडकन उणे १६ वर आला. गाडीला सवयीने २१ टक्के जास्त पेट्रोल ओतायचं होतं, आणि अचानक त्याची गरजच उरली नव्हती. सोडली, पुन्हा शून्य. दाबली, उणे १६. थरथरही थांबली.

“सापडलं,” मी म्हणाले.

“मला कळलं,” बाबा म्हणाले. “बोटाला ओढ लागतेय खालून.” त्यांनी नळीखाली बोट फिरवलं. “कुरतडलीय.”

नळी काढली तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला, वरून कधीच दिसलं नसतं अशा जागी, दोन दातांच्या रेघा आणि शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढं भोक. एकतानगरीचं पाणी आमच्या गाडीत ते असं पोहोचलं होतं.

नवीन नळी टिळक रोडच्या पुढे एका स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाली. ३४० रुपये. दोन क्लिपा ४० रुपये. बाबांनी स्वतः बसवली, आणि दिवा पुसू दिला नाही. “त्याचं त्याला कळू दे,” म्हणाले. बिघाड दिसला नाही असे साधारण तीन प्रवास झाले की गाडी दिवा आपणहून विझवते. पहिल्या दिवशी लाँग टर्म १४वर आली, दुसऱ्या दिवशी ९, मग ३. चौथ्या सकाळी शिवण्याच्या दिशेने दूध आणायला गेलो तेव्हा दिवा लागलेला नव्हता. बाबांनी त्यावर काहीही बोलायचं टाळलं, पण दूध घेऊन झाल्यावर गाडी उगाचच खडकवासल्यापर्यंत नेली.

त्या काचेच्या वर्कशॉपमधल्या मुलाचा मला राग नाही. त्याच्या जागी मी असते तर कदाचित हेच कोटेशन दिलं असतं. तिथला हिशेब पार्ट विकण्यावर आणि ठरलेल्या कामावर चालतो. ‘नळी शोधली, एक तास’ अशी ओळ बिलात लिहिली तर आपणच भांडतो, की नुसतं बघायचे कसले पैसे. शोधण्याला दाम नाही म्हणून शोधणंच बंद पडतं आणि त्याची जागा बदलून बघण्याने घेतली जाते. दोन सेन्सर बदलून बघू, मग कन्व्हर्टर बदलून बघू. खर्च आपला, अंदाज त्यांचा. म्हणून आता मी कोणत्याही गॅरेजमध्ये आधीच सांगते, की तासाभराचे पाचशे रुपये घ्या, पण मला कोड, फ्रीझ फ्रेम आणि दोन्ही ट्रिम लिहून द्या, आणि पार्ट खराब आहे हे कशावरून तेही सांगा. सर्व्हिस रोडवरच्या त्या छोट्या गॅरेजवाल्याने हे ऐकून डोकं खाजवलं होतं. नंतर त्यानेच एका गिऱ्हाइकाला माझ्यासमोर ट्रिम समजावून सांगितली. पातेल्याचं उदाहरण त्याने वडापावच्या पिठावर नेलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त चांगलं होतं.

कंजुषी कुठे करायची नाही हेही स्पष्ट आहे. पिवळा दिवा स्थिर असेल तर तुमच्याकडे चार दिवस आहेत, डोकं शांत ठेवून बघायला. तोच दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी मिसिंग मारत असेल तर वेळ नाही. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि मग ते ३७,८०० खरोखरच द्यावे लागतात. पाय हलका करा, गाडी बाजूला घ्या. ऑइलचा लाल दिवा आणि तापमानाचा लाल दिवा यांच्याशी तर वाद घालूच नका, इंजिन तिथल्या तिथे बंद. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दादाचा दिवा गणपतीत लुकलुकला तेव्हा तो डोंगल मागायला आला होता. मी दिला नाही, टोइंगचा नंबर दिला. इग्निशन कॉइल गेली होती.

उंदरांसाठी सोसायटीत सध्या तीन पंथ आहेत. डांबर गोळ्या, तंबाखूची पानं आणि बारीक जाळी. बाबा जाळीवाले. तंबाखू टाकणाऱ्यांच्या गाडीत उंदीर आता फक्त जेवणानंतर येतात, असं त्यांचं म्हणणं आहे.

६२ हजार बँकेत तसेच होते आणि आता अडवायला गाडीही नव्हती. बाबांनी अजून दोन महिने ढकलले. दिवाळी होऊ दे, थंडी जाऊ दे. मी त्या सकाळचं कधी काढलं नाही, त्यांनीही नाही. डिसेंबरात एका रविवारी ते स्वतःच म्हणाले, “ती बाई काय म्हणाली होती, कुठला आकडा पडलाय?”

“चार हजार हर्ट्झ.”

“तेच दोन्हीकडे?”

“उजवीकडे जास्त.”

“स्क्रू ड्रायव्हर उजव्याला लावायचो,” ते म्हणाले.

कर्वे रोडवरच्या त्या क्लिनिकमध्ये ऑडिओलॉजिस्ट बाईंनी पुन्हा चाळीस मिनिटं तपासलं. एकेक सूर, आधी मोठा, मग लहान, मग आणखी लहान. बाबा बटण दाबत होते. मशिन विकण्याआधी त्यांनी ८०० रुपये फक्त तपासणीचे घेतले. बाबा, जे भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालतात, त्यांनी ते निमूट दिले आणि आलेखाची एक प्रत मागून घेतली. मग ट्रायलचं मशिन कानात घालून आम्ही खाली आलो. कर्वे रोड शनिवार असल्यासारखा वाहत होता. बाबांनी दोन्ही हात कानांवर धरले, मग सोडले.

मी गाडी चालू केली. ते आत बसले नाहीत. बोनेटसमोर उभे राहिले, मान वाकडी करून.

“हा पट्टा वाजतोय. कधीपासून?”

“दोन वर्षं तरी झाली.”

“आणि कोणी बोललं नाही?”

पट्टा त्याच दुकानात ६५० रुपयांना मिळाला.